दुसऱ्यांची मुलं, आपली गाडी आणि विम्याचा कागद

जूनमध्ये शाळा उघडल्या की पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांत व्हॅनचे दर, बसचा लांबचा फेरा आणि सकाळची घाई यांची चर्चा होते, आणि तीन-चार घरं मिळून पाळी लावतात. दोन दिवस एकीची गाडी, दोन दिवस दुसऱ्याची. सोय उत्तम आहे. चार मुलांमागे चार गाड्या शाळेच्या फाटकाशी अडकत नाहीत. पण वेळा, डबे, रेनकोट हे सगळं ठरतं आणि विम्याचं बोलणं मात्र ‘गाडीला इन्शुरन्स आहे ना?’ ‘हो, आहे’ एवढ्यावर आटोपतं. दुसऱ्याचं मूल गाडीत बसवायचं तर एवढं उत्तर पुरत नाही.

‘इन्शुरन्स आहे म्हणजे गाडीतली मुलंही त्यात आली’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. पादचारी, सायकलवाला, समोरच्या गाडीतली माणसं यांच्यासाठी तो आहे. स्कूटरवर मागे बसलेल्या व्यक्तीच्या एका प्रकरणात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत विनामोबदला बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. याउलट पॅकेज पॉलिसीत, म्हणजे एजंट जिला ‘फुल’ म्हणतात तीत, खासगी कारमध्ये बसलेले प्रवासी येतात. विमा नियामकाने 16 नोव्हेंबर 2009 च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आणि पुढे न्यायालयानेही ते मान्य केलं.

इथे नव्या गाडीवाल्यांची एक हमखास फसगत होते. 1 सप्टेंबर 2018 पासून नवी कार घेताना थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. पॅकेजमधला ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एका वर्षाचाच असतो. ‘तीन वर्षांचं झालंय’ या समजुतीत दुसऱ्या वर्षी तो भरायचा राहतो आणि हातात नुसती थर्ड पार्टी उरते. पॉलिसीची पीडीएफ उघडली की पहिल्याच पानावर दोन्ही भागांच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या दिसतात. त्या आजच बघाव्यात.

आता पैशांचा मुद्दा, जो बोलायला अवघड जातो. एखादी आई रोजच जाते, म्हणून बाकीचे तिला महिन्याला हजार-पंधराशे देतात. ‘पेट्रोलचेच तर आहेत, त्यात काय?’ खासगी कारच्या पॉलिसीत ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज’ नावाचा बारीक अक्षरातला परिच्छेद असतो. भाड्याने किंवा मोबदला घेऊन गाडी वापरली तर विमा लागू नाही, असं त्यात सरळ लिहिलेलं असतं. पेट्रोल वाटून घेणं कुठे संपतं आणि भाडं कुठे सुरू होतं, हे तिथे सांगितलेलं नसतं. म्हणूनच माणशी ठरावीक दर, दर महिन्याच्या 1 तारखेला यूपीआयने आलेले पैसे आणि त्यावर ‘जून व्हॅन’ असा शेरा, हे सगळं भाड्याच्या बाजूला झुकतं. अपघातानंतर दाव्याची चौकशी करणारा माणूस नेमकं हेच शोधतो. न्यायालय कधी कधी कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देतं. शिवाय पांढऱ्या पाटीची गाडी परवान्याविना भाड्याने चालवणं हा वेगळा गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 192-अ नुसार पहिल्याच वेळी दंड 10 हजार रुपये आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. महाराष्ट्रात शालेय वाहतुकीसाठी 2011 पासून स्वतंत्र नियम आहेत. ज्याला हे काम पैसे घेऊन करायचं आहे त्याने त्या वाटेने जावं. इतरांनी पैशांऐवजी पाळीच फिरती ठेवावी, हे माझं ठाम मत आहे. ज्या घरी गाडी नाही त्यांनी संध्याकाळी मुलं सांभाळावीत.

‘लहान मुलं आहेत, मागे पाच मावतील.’ हा एसटीच्या अर्ध्या तिकिटाचा हिशेब झाला. कारच्या आरसीवर जी आसनक्षमता लिहिलेली असते तीत चालकही धरलेला असतो. 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर चालवणाऱ्याला 1,000 रुपये दंड आहे. म्हणजे जितके पट्टे तितकीच मुलं. जादा माणसं भरली की विमाही तोकडा पडतो. 42 प्रवाशांची मुभा असलेल्या बसमध्ये 90 जण होते, त्या प्रकरणात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची जबाबदारी 42 जणांपुरतीच धरली. ती रक्कम सगळ्यांत वाटली गेली आणि उरलेला बोजा मालकावर आला.

मूल कमावत नाही म्हणून भरपाई किरकोळ असते, असंही लोक धरून चालतात. ट्रकच्या धडकेत कायमची परावलंबी झालेल्या 12 वर्षांच्या मुलीला 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 62 लाखांहून अधिक रक्कम मंजूर केली, कारण तिच्यासोबत जन्मभर कुणीतरी असावं लागणार होतं. त्यापुढे पॅसेंजर पीए, म्हणजे प्रवाशांच्या वैयक्तिक अपघाताच्या जोड-कव्हरचे माणशी जास्तीत जास्त 2 लाख किती अपुरे आहेत ते दिसतं. तरीही ते कव्हर घ्यावं. ते स्वस्त आहे आणि चूक कुणाची हे त्यात बघितलं जात नाही.

चालवणाऱ्या आईसाठी एक गोष्ट. सक्तीचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा गाडी ज्याच्या नावावर आहे त्या मालक-चालकापुरताच असतो. आरसी नवऱ्याच्या नावावर आणि शाळेची फेरी रोज बायकोकडे, हे चित्र घरोघरी आहे. तिच्यासाठी वेगळा अपघात विमा हवा. बाकी, मालकाच्या संमतीने वैध लायसन्स असलेल्या कुणीही गाडी चालवली तर विमा जात नाही. अकरावीतल्या दादाच्या हाती किल्ली देणं मात्र थेट गुन्हा आहे. पालकाला किंवा मालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि दवाखान्याचं काय? गॅरेजमधलं कॅशलेस बंपरसाठी असतं. मुलाच्या प्लास्टरचं बिल तिथे लागत नाही. त्याची भरपाई मोटार अपघात दावे न्यायाधिकरणातून येते आणि तिला वेळ लागतो. मे 2025 पासून केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. पुढचा खर्च त्या मुलाच्या स्वतःच्या आरोग्यविम्यावर येतो, म्हणून पाळीतल्या प्रत्येक मुलाच्या विमा कार्डाचा फोटो, रक्तगट आणि औषधांच्या अ‍ॅलर्जीची नोंद गाडी चालवणाऱ्या प्रत्येक पालकाच्या फोनमध्ये असू द्यावी.