पाणपिसू पाण्याची साक्ष कशी देते?

पाणी नितळ आहे, वास नाही. प्रयोगशाळेने शिसं, पारा, कॅडमियम तपासलं आणि सगळं मर्यादेत निघालं. तरीही ते पाणी विषारी असू शकतं. यंत्राला जे शोधायला सांगाल तेवढंच ते शोधतं; यादीत नसलेलं कीटकनाशक किंवा तीन-चार रसायनांचा एकत्रित परिणाम त्यातून निसटतो. म्हणून जिवंत जीवालाच विचारावं लागतं. जगभरच्या प्रयोगशाळा त्यासाठी डॅफ्निया मॅग्ना ही पाणपिसू पाळतात.

नाव पिसू असलं तरी ती कीटक नाही, कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातली आहे. मोठी झाली तरी जेमतेम पाच मिलिमीटर. अंग इतकं पारदर्शक, की सूक्ष्मदर्शकाखाली धडधडणारं हृदय आणि आतड्यातलं हिरवं शेवाळ स्पष्ट दिसतं. खाण्यासाठी ती सतत पाणी गाळत असते, त्यामुळे विषाशी तिची गाठ लगेच पडते. खाणंपिणं नीट मिळालं तर मादी नराशिवायच पिल्लं देते आणि ती सगळी तिच्याच जनुकांची असतात. त्यामुळे निकालातला फरक पिल्लांमधला नसून पाण्यातला आहे, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

चाचणीसाठी जन्मून २४ तासही न झालेली पिल्लं घेतात. सांडपाणी १००, ५०, २५, १२.५ आणि ६.२५ टक्के अशा प्रमाणात पातळ करतात. सोबत एक संच निव्वळ स्वच्छ पाण्याचा. प्रत्येक प्रमाणाला २० पिल्लं, पाच-पाचच्या चार बीकरमध्ये. म्हणजे एकूण १२०. तापमान १८ ते २२ अंशांच्या दरम्यान स्थिर. ४८ तास खायला काही द्यायचं नाही.

मग बीकर हलकेच हलवायचा आणि पाहत राहायचं. निरोगी पिल्लू उड्या मारत वर जातं, पुन्हा खाली येतं. विष भिनलेलं तळाशी पडून राहतं. एखाद्या वेळी त्याची स्पर्शिका थरथरते, पण ते पोहत नाही. १५ सेकंदांत पोहलं नाही, तर ते ‘निश्चल’ म्हणून नोंदवतात. ज्या प्रमाणात निम्मी पिल्लं निश्चल होतात, तो आकडा म्हणजे निकाल. तो जितका लहान, तितकं पाणी घातक.

स्वच्छ पाण्याच्या संचात २० पैकी दोनपेक्षा जास्त पिल्लं निश्चल झाली, तर अख्खी चाचणी रद्द. मला या पद्धतीतला हा नियम सर्वांत मोलाचा वाटतो.

विष कोणतं, हे मात्र पाणपिसू सांगत नाही. तणनाशकासाठी शेवाळाची चाचणी जास्त उपयोगी. आणि कावीळ-कॉलऱ्याचे जंतू तिला कळत नाहीत, तेव्हा तिने पास केलेलं पाणी पिण्याजोगं असतंच असं नाही.

आपल्याकडे पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांत अशीच चाचणी माशांवर आहे: पातळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत. तुमच्या नदीत कारखान्याचं पाणी येत असेल, तर तपासणी अहवालात ही ओळ भरली आहे का, एवढं जरूर पाहा.