घडीची सायकल आणि लोकलचें दार

ठाण्यास आगगाडी प्रथम आली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. बोरीबंदरापासून तेथवरचें अंतर २१ मैलांचें. पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणपर्यंत पोंचले. तेव्हांपासून या पट्ट्यांतील चाकरमान्याचा प्रवास दोन प्रकारचा झाला: एक रुळांवरचा आणि दुसरा घरापासून रुळांपर्यंतचा. पहिल्याचें वेळापत्रक छापलेलें मिळतें; दुसऱ्याचें कोणी छापीत नाहीं. डोंबिवली ते मुंबई हें ४८ किलोमीटरांचें अंतर जलद लोकल सुमारें एक-सव्वा तासांत तोडते. परंतु परत आल्यावर मानपाडा रस्त्यावरच्या घरीं जाण्यासाठीं रिक्षाच्या रांगेंत किती वेळ तिष्ठावें लागेल, हें ब्रह्मदेवालाहि सांगतां यावयाचें नाहीं.

घडीच्या सायकलीचा विचार मनांत येतो तो या रांगेंतच. घरून सायकलवर निघावें, स्टेशनांत तिची घडी घालावी, गाडींत ती पायाशीं ठेवावी, आणि उतरल्यावर उलगडून कचेरी गांठावी. कल्पना मोठी सुबक आहे. अडचण एवढीच कीं, रस्त्याला मोठें चाक हवें असतें आणि गाडीला लहान.

मोठें चाक कां हवें, हें थोडें गणित केल्यास ध्यानीं येईल. आपल्याकडील जुन्या २८ इंची सायकलीचें चाक टायरसकट सुमारें ७१ सेंटिमीटर व्यासाचें असतें. घडीच्या सायकलींत २० इंची व १६ इंची अशीं दोन मापें विशेष चालतात. तीं टायरसकट अनुक्रमें सुमारें ५० व ४२ सेंटिमीटर भरतात. आतां रस्त्यांत २० सेंटिमीटर रुंदीचा खळगा आहे असें धरा. २८ इंची चाक त्यांत १४ मिलिमीटर खालीं बसेल, २० इंची चाक २१ आणि १६ इंची चाक २५. ५ सेंटिमीटर उंचीची कड आडवी आली, तर तिच्या पायथ्याशीं थांबलेलें चाक वर चढविण्यास, त्याच्यावर जेवढा भार असेल त्याच्या शेंकडा ६० इतका आडवा जोर मोठ्या चाकाला लागतो; मधल्याला ७५ आणि धाकट्याला ८५. म्हणजे तोच खड्डा, तोच माणूस, पण धाकट्या चाकावरच्या माणसाच्या मनगटांना तो खड्डा अधिक खोल वाटतो, आणि तें वाटणें खोटें नसतें. श्रावणांत रस्त्यावर पाणी सांचलें म्हणजे तर खळगा दिसतहि नाहीं.

लहान चाकावरचा दुसरा आक्षेप मात्र गैरसमजुतीचा आहे. चाक लहान म्हणून पाय अधिक वेळां फिरवावे लागतात, असें पुष्कळांना वाटतें. १६ इंची चाक एका फेऱ्यांत १ मीटर ३२ सेंटिमीटर जातें व २८ इंची सव्वादोन मीटर, हें खरें; पण पुढचें दांत्यांचें चक्र मोठें बसविलें कीं ही तूट भरून निघते. १९६२ सालीं ॲलेक्स मोल्टन या इंग्रज इंजिनियरानें १६ इंची चाकांची जी सायकल बाजारांत आणली, तिनें लहान चाक मंदच असलें पाहिजे हा समज मोडून काढला. त्यानें टायरांत हवा कडक भरली आणि धक्के सोसण्याचें काम चौकटींत बसविलेल्या रबराकडे व स्प्रिंगकडे सोंपविलें. खड्ड्याची भरपाई अशी करतां येते. मात्र तिच्यासाठीं वजन आणि पैसा दोन्ही मोजावे लागतात.

घडी म्हटली कीं चाक लहानच असावें असेंहि नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत विमानांतून छत्रीनें उतरणाऱ्या ब्रिटिश सैनिकांसाठीं बी. एस. ए. कंपनीनें घडीच्या सायकली बनविल्या, त्यांचीं चाकें मोठींच होतीं. सैनिकाला उतरल्यावर शेतांतून जावयाचें होतें. कल्याण लोकलमध्यें चौथ्या आसनावर बसावयाचें नव्हतें.

घडीच्या आकाराविषयींहि एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. अँड्र्यू रिची यानें लंडनमधील आपल्या राहत्या घरीं १९७५ च्या सुमारास जिची रचना आरंभिली, ती ब्रॉम्प्टन सायकल १६ इंची आहे. तिची घडी सुमारें ५९ सेंटिमीटर लांब, ५७ उंच आणि २७ जाड होते. २० इंची चाकाच्या प्रचलित घडीच्या सायकलीचें माप सुमारें ७९, ७२ व ३८ असें येतें. शाळेंतल्या मुलाप्रमाणें गुणाकार करून पाहिला, तर पहिलें गांठोडें ९० लिटरांचें आणि दुसरें २१५ लिटरांच्या घरांतलें ठरतें. चाक एकपंचमांशानेंच वाढलें, पण गांठोडें दुपटीहून मोठें झालें! याचें कारण निव्वळ चाकांत नाहीं, घडी घालण्याच्या रीतींत आहे. ब्रॉम्प्टनचें मागचें चाक चौकटीखालीं दुमडतें आणि पुढचें वळून त्याच्या शेजारीं येतें. बहुतेक २० इंची सायकलींची चौकट मध्येंच एका बिजागरीवर मोडते, त्यामुळें अर्ध्या चौकटीची लांबी तशीच उरते. म्हणून दुकानांत केवळ चाकाचें माप विचारूं नये. घडी घालावयास लावून तिची जाडी टेपानें मोजावी. लोकलमध्यें नडते ती लांबी नव्हे, जाडी.

कोणी म्हणेल कीं, ही सारी जुळवाजुळव ठीक आहे, पण सकाळीं आठ वाजतां डोंबिवलीच्या फलाटावर ती टिकेल काय? येथें मन मोठें करून सत्य सांगितलें पाहिजे. त्या वेळीं ९० लिटरांचें गांठोडेंहि साधारण डब्यांत शिरत नाहीं. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जातांना दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले व त्यांत कांहींजण प्राणांस मुकले. ज्या दारांत पाठीवरची पिशवीहि दुसऱ्याच्या जिवावर बेतूं शकते, तेथें अकरा-बारा किलोंचें लोखंड घेऊन चढण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं, मग चाक १६ इंचांचें असो वा १२ इंचांचें. त्या घटकेस घडीच्या सायकलीला जागा असलीच तर ती मालडब्यांत, नाहीं तर ठाण्याहून किंवा कल्याणहून रिकाम्या सुटणाऱ्या लोकलमध्यें आरंभालाच बसणाऱ्याच्या पायाशीं. आणि उतरावयाचें तेंहि शेवटच्या स्टेशनावर. मधल्या स्टेशनांत गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तेवढ्यांत गर्दींतून घडी बाहेर काढणें हें कसरतपटूचें काम.

म्हणून प्रथम चाकाचा नव्हे, टोंकांचा विचार करावा. सायकल एकाच टोंकाला लागणार असेल, म्हणजे घर ते स्टेशन एवढ्यापुरतीच, तर घडीची सायकल घेऊंच नये. या बाबतींत डबेवाले सर्वांत शहाणे. १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनीं आरंभिलेल्या या धंद्यांत डबे मालडब्यांतून जातात, सायकली जात नाहींत. या टोंकाची सायकल या टोंकाला, त्या टोंकाची त्या टोंकाला. आणि दोन्हीकडे ती साधी, मोठ्या चाकाची, कोणत्याहि गल्लींत दुरुस्त होणारी. नौपाड्यांतल्या किंवा रामनगरांतल्या गृहस्थानें सायकल स्टँडवर लावून हात मोकळे ठेवून गाडी पकडावी, यांत कमीपणा मुळींच नाहीं.

दोन्ही टोंकांना चालवावयाची असेल आणि अंतर दोन-तीन किलोमीटरांचें असेल, तर १६ इंची चाक पुरे. टायर मात्र जरा रुंद घ्यावा. घर घोडबंदर रस्त्यावर स्टेशनापासून आठ-दहा किलोमीटर आंत असून कामाची वेळ गर्दीच्या उलट असेल, तर २० इंची चाकाचा आग्रह धरावा, कारण तेथें दिवसाचा मोठा भाग रस्त्यावर जाणार. दोहोंच्या मधल्यांनीं एक परीक्षा करावी: घडी घातलेली सायकल एका हातांत घेऊन ठाणें स्टेशनाचा पूल एकदां चढून उतरावा. निर्णय बहुधा वरच्या पायरीवरच होतो.

चाकाच्या नांवांतहि एक फसगत आहे. ‘१६ इंची’ या एकाच नांवाखालीं ३०५ व ३४९ मिलिमीटर अशा दोन निरनिराळ्या मापांच्या रिमा येतात, आणि ‘२० इंची’ म्हणून ४०६ व ४५१ अशा दोन. एकीचा टायर दुसरीला बसत नाहीं. ३०५ व ४०६ हीं मापें मुलांच्या सायकलींचींच असल्यानें त्यांचे टायर कल्याणच्या साध्या दुकानांतहि मिळतात. ३४९ चा मात्र शोधावा लागतो. टायरच्या कडेवर हा तीन अंकी आंकडा उठविलेला असतो. सायकल घेण्यापूर्वीं तो वाचावा, आणि तो ३४९ निघाला तर त्याच दिवशीं दोन जादा ट्यूबा व एक टायर बरोबर घरीं आणावा.