दोन फेऱ्यांतील भेद

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्याचे नाव २००८ साली दप्तरी ‘बॉश’ असे झाले, पण ज्याला जुने नाशिककर आजही ‘मायको’च म्हणतात, तेथे डिझेल इंजिनांची नोझले आणि इंजेक्टर तयार होतात. त्यांची घडण कितीही सूक्ष्म असली, तरी इंधन नेमके कोणत्या क्षणी सोडावे याचा हुकूम आधुनिक मोटारीत संगणकाकडून येतो. आणि तो हुकूम बिनचूक सुटावा म्हणून कॅमशाफ्टपाशी बसविलेला एक अंगठ्याएवढा सेन्सर अखंड वर्दी देत असतो.

शोषण, संपीडन, ज्वलन आणि उत्सर्जन या चार क्रियांचे एक आवर्तन पुरे होईतो क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात, कॅमशाफ्टची मात्र एकच. या अवधीत दट्ट्या दोनदा माथ्यावर येतो, एकदा हवा दाबीत आणि एकदा धूर बाहेर लोटीत. क्रँकशाफ्टचा सेन्सर त्याचे स्थान अंशागणिक सांगतो. परंतु घड्याळात सहा वाजलेले दिसूनही सकाळ की संध्याकाळ हे जसे कळत नाही, तशी ही फेरी कोणती हे त्याला सांगता येत नाही. तो निवाडा कॅमशाफ्टचा सेन्सर करतो.

त्यामागील तत्त्व १८७९ साली एडविन हॉल या अमेरिकन तरुणाने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विद्यार्थिदशेत असतानाच शोधले. सोन्याच्या पातळ वर्खातून वीजप्रवाह सोडून त्यावर लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले असता वर्खाच्या दोन कडांमध्ये किंचित विद्युत्दाब उत्पन्न होतो, हे त्याने दाखविले. आजच्या सेन्सरमध्ये वर्खाच्या जागी अर्धवाहकाची चकती असते. कॅमशाफ्टवरील लोखंडी दाता समोरून जाताच तेथील चुंबकीय क्षेत्र पालटते आणि संगणकाकडे स्पष्ट संकेत जातो. क्रँकशाफ्टच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगात कॅमशाफ्ट सेकंदाला २५ वेळा फिरतो, आणि स्टार्टर मारताना तो अगदी मंद असतो. या दोन्ही टोकांना सारखेच काम देणे, हा या पद्धतीचा खरा गुण मला वाटतो.

ही वर्दी थांबली की गाडी उशिरा सुरू होते, ओढ कमी पडते, पिवळा दिवा लागतो आणि सेन्सर तत्काळ बदलण्याची तजवीज होते. ते अन्यायाचे आहे, कारण सैल झालेला कनेक्टर, तेलाने भिजलेली वा घासलेली तार, किंवा ताणली गेलेली टायमिंग चेन यांमुळेही संगणकात सेन्सरच्याच नावे दोष नोंदला जातो. म्हणून वाहनधारकांनी मिस्त्रीला प्रथम तारा आणि चेन तपासावयास सांगावे, आणि सेन्सर बदलण्यास रुकार त्यानंतरच द्यावा.