दारात येणारी बँक

म्हसवड हे सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातलं गाव. पाऊस कमी, दुष्काळ ठरलेला. मुंबईत वाढलेल्या आणि जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतून आलेल्या चेतना गाला-सिन्हा लग्नानंतर इथे स्थायिक झाल्या. त्यांच्याकडे एकदा रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई आली. पावसाळ्याआधी झोपडीवर ताडपत्री घालायची म्हणून तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते, पण इतक्या छोट्या रकमेसाठी बँक खातं उघडून देईना. ती कर्ज मागत नव्हती, स्वतःचेच पैसे सुरक्षित ठेवायला जागा मागत होती.

मग बायांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तकांमधल्या कित्येक जणींनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. बाया लिहायला-वाचायला शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कोणत्याही मुद्दलावरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनीही कॅल्क्युलेटर न घेता करून दाखवावं, असं त्यांनी सांगितलं. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

या बँकेचं मला सर्वांत मोठं वाटतं ते हे, की तिचे नियम ग्राहक बायांनी घडवले. बँकेत यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, असं त्या म्हणाल्या. मग बँकेची माणसं बाजारात, घरापाशी जाऊ लागली. पुढे कार्ड आणि पिन आला, तेव्हा एकीने हरकत घेतली. पिन कुणीही चोरील, माझा अंगठा कोण चोरणार? एके काळी ज्या अंगठ्यापायी अर्ज परत आला होता, तोच तिला सर्वांत खात्रीचा वाटत होता.

आठवडी बाजारातलं गणित समजून घेतल्याशिवाय दारात येणाऱ्या बँकेचं महत्त्व कळत नाही. माल भरायचा पहाटे आणि पैसे सुटायचे संध्याकाळी. तेवढ्या वेळासाठी सावकाराकडून नव्वद घेऊन शंभर फेडायचे, म्हणजे एका दिवसाला शेकडा अकराच्या वर व्याज! दहा वाजता शटर उघडणारी बँक पहाटेच्या या गरजेला पुरी पडूच शकत नाही.

वयागणिक गरजही बदलते. शाळा लांब म्हणून घरी बसणाऱ्या मुलीला सायकल हवी. त्यासाठी माणदेशीने बिनव्याजी कर्ज दिलं. संसारातल्या बाईला शेळ्या हव्यात, भांडवल हवं. 2012 च्या दुष्काळात एक बाई दागिने गहाण ठेवायला आली. पैसे तिला जनावरांच्या चाऱ्यासाठी हवे होते. चारा-पाणीच नसेल तर नुसतं कर्ज देऊन काय होणार? त्यातून जनावरांची छावणी उभी राहिली. कर्ज मागायला आलेल्या माणसाला ‘कशासाठी?’ असं मनापासून विचारणं हीसुद्धा बँकेचीच सेवा आहे, असं मी मानतो.

म्हातारपणाचा प्रश्न मात्र एका गावाच्या बँकेच्या आवाक्यातला नाही. 2015 मध्ये केंद्राची अटल पेन्शन योजना आली. साठीनंतर दरमहा हजार रुपये हवे असतील तर अठराव्या वर्षी नाव घातलेल्याला महिना 42 रुपये भरावे लागतात आणि चाळिसाव्या वर्षी घातलेल्याला 291. पाच हजारांसाठी हेच आकडे 210 आणि 1454 होतात. ज्याच्या हाती नेमाने पैसा येत नाही, त्याला उशीर असा महाग पडतो. चाळिशी उलटली की दारच बंद. बँक निघाली तेव्हा पंचविशीत असलेली बाई ही योजना आली तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती.