टायरचा साइज, कारचा मिजाज

ड्रीम कार घेतली, पॉलिश झालं, फोटो काढून झाले. मग एक दिवस टायर बदलायची वेळ येते आणि तिथेच भलेभले फसतात. स्पोर्ट्स कारला टायर निवडताना नेमकं बघायचं काय? आधी वाचा, मगच दुकानात शिरा!

शनिवारची सकाळ. बाणेर रोडवरचं एक टायरचं दुकान. बाहेर उभी आहे २०११ची बीएमडब्ल्यू झेड-फोर. टू-सीटर, बटण दाबलं की छप्पर मागे दुमडणारी, रंग सिल्व्हर. मालक म्हणजे आमचा मित्र. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, वय वर्षं एकतीस. पाच वर्षांचे बोनस, थोडं लोन आणि घरच्यांची भरपूर बोलणी, एवढं सगळं खर्ची घालून ही सेकंडहँड सुंदरी घरी आलेली. मागचे दोन टायर पार गुळगुळीत. साइज २५५/३५ आर १८. दुकानात नेमका तोच नाही. मागवायला आठवडा तरी लागणार.

दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, थांबताय कशाला? २५५/४० टाका ना. रुंदी तीच, रिम तीच. टायर जरा उंच, म्हणजे खड्ड्यात रिमला मार बसणार नाही. आपले रस्ते बघताय ना!’’

पटलं. अर्ध्या तासात टायर चढले. गाडी मागून जरा उचललेली दिसायला लागली. ‘‘काय सॉलिड लुक आलाय यार!’’ हे मत आमचंच, कबूल करतो.

पुढच्या रविवारी पठ्ठ्या आईला शेजारी बसवून एक्स्प्रेस-वेने दादरला मामाकडे निघाला. आईची या गाडीतली ही पहिलीच लाँग ड्राइव्ह. उंचवटा आला की मागून घर्रर्र आवाज. घाटात पाऊस सुरू झाला आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकायला लागला. वळणावर ॲक्सिलरेटर दिला, तर गाडीने स्वतःच पॉवर कमी केली. मागे कंटेनर! आई शांतपणे म्हणाली, ‘‘अरे, काहीतरी घासतंय का रे?’’ घाट उतरल्यावर पहिल्या फूड मॉलला थांबून त्याने चाकाच्या वरच्या पोकळीत हात घातला. नव्याकोऱ्या टायरची कड चक्क तासल्यासारखी झाली होती.

साइजमधला फरक किती? फक्त ३५च्या जागी ४०. एवढंच!

हे आकडे बोलतात तरी काय?

टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ, २२५/४० आर १८ ९२ डब्ल्यू. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या कडेच्या भिंतीची उंची. पण गंमत अशी, की ही उंची मिलिमीटरमध्ये नाही, तर रुंदीच्या टक्क्यांत असते. २२५चे ४० टक्के म्हणजे ९० मिमी. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! गोंधळ होणारच.

शेवटचे ९२ आणि डब्ल्यू बहुतेक जण वाचतही नाहीत. ९२ हा लोड इंडेक्स आहे. एका टायरने ६३० किलो पेलायचे, असा त्याचा अर्थ. ८८ असेल तर ५६० किलो. डब्ल्यू ही वेगाची मर्यादा, ताशी २७० किमी. वाय म्हणजे ३००, व्ही म्हणजे २४०, एच म्हणजे २१०. ‘आपण कुठे २७०ने जाणार?’ असं म्हणून खालचं अक्षर घेण्याचा मोह होतो. पण हे अक्षर टायर किती उष्णता सहन करेल, तेही सांगतं. म्हणून कंपनीने सांगितल्यापेक्षा खालचा लोड इंडेक्स किंवा खालचं अक्षर घ्यायचं नाही. वरचं चालेल.

पहिला फंडा : उंची जपा

आता मित्राच्या गाडीचं गणित करू. १८ इंच म्हणजे ४५७.२ मिमी. त्यात साइडवॉल दोनदा मिळवायची, एकदा वरची, एकदा खालची. २५५/३५ आर १८ची एकूण उंची येते ६३५.७ मिमी. २५५/४०ची ६६१.२ मिमी. म्हणजे टायर जवळपास अडीच सेंटीमीटरने उंच, ४ टक्क्यांनी मोठा!

यामुळे काय झालं बघा. जुना टायर एका किलोमीटरमागे साधारण ५०० वेळा फिरायचा, नवा ४८१ वेळा. स्पीडोमीटर वेग मोजतो तो चाकाच्या फेऱ्यांवरून. त्यामुळे पूर्वी काटा १०० दाखवायचा त्याच वेगाच्या फेऱ्यांना गाडी आता चार टक्के जास्त पळते. एक्स्प्रेस-वेवर २०२४मध्ये स्पीड कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झालीये. तुमचा काटा काय म्हणतो, याच्याशी कॅमेऱ्याला काही देणंघेणं नाही!

त्याहून गंभीर म्हणजे एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल. ही सिस्टिम चारही चाकांच्या वेगाची सतत तुलना करत असते. पुढची चाकं जास्त फिरतायत आणि मागची कमी, असं दिसलं की तिला वाटतं गाडी घसरतेय. मग ती पॉवर कापते, ब्रेक लावते. घाटात लुकलुकणारा दिवा हाच. घासण्याचं कारण तर साधं आहे. उंचीतला निम्मा फरक, म्हणजे पावणेतेरा मिमी, चाकाच्या वरच्या पोकळीत गेला. सस्पेन्शन दबलं की टायर थेट अस्तराला!

टायरवाल्यांचा ढोबळ नियम असा, की एकूण उंचीतला फरक ३ टक्क्यांच्या आत हवा. स्पोर्ट्स कारला पोकळी मुळातच टाइट असते. तिथे एक टक्क्याच्या आत राहिलात तर उत्तम.

१७, १८ की १९?

मग साइज बदलायचाच नाही का? बदला की! पण कंपनीने बदललाय तसा. या पिढीच्या झेड-फोरला कंपनीने तीन प्रकारची चाकं दिली होती. १७ इंचीला चारही टायर २२५/४५. १८ इंचीला पुढे २२५/४०, मागे २५५/३५. १९ इंचीला पुढे २२५/३५, मागे २५५/३०.

आता एकूण उंची बघा. १७ इंचीची ६३४ मिमी. १८ इंचीची पुढे ६३७, मागे ६३६. १९ इंचीची पुढे ६४०, मागे ६३६. रिम वाढत गेली, साइडवॉल तेवढीच कमी होत गेली आणि उंची जवळजवळ तिथेच! सगळा खेळ हाच आहे. बाकी देवाणघेवाण.

१९ इंचीचा लुक कातिल, हे मान्यच. पण मागच्या टायरची साइडवॉल उरते फक्त ७६ मिमी. पावसाळ्यातल्या खड्ड्यात हवेची गादी एवढीशी असली तर मार थेट अलॉयला. रिम वाकली की गेले पैसे! १७ इंचीची साइडवॉल १०१ मिमी, म्हणजे कमरेला आराम, टायर तुलनेने स्वस्त आणि मिळायलाही सोपे. चारही एकाच साइजचे असल्याने पुढचे-मागचे अदलाबदल करता येतात, झीज सारखी होते. तोटा? वळणात थोडी कमी धार, मागे थोडी कमी पकड आणि पार्किंगमध्ये थोड्या कमी नजरा. रोज हिंजवडी गाठायची असेल तर आमचं मत १७ला. मात्र मोठ्या ब्रेकच्या व्हर्जनवर छोटी रिम कॅलिपरला अडते का, हे आधी तपासायचं.

रिमची रुंदीही विसरू नका. २२५/४० आर १८ साधारण साडेसात ते नऊ इंच रुंद रिमवर बसतो. त्याहून रुंद रिमवर टायर ताणून बसवण्याची फॅशन आहे. फोटोत मस्त दिसतं, पण रिमची कड उघडी पडते आणि टायर रिमवरून निसटण्याचा धोका वाढतो.

पुढे एक, मागे एक

मागचे टायर रुंद का? कारण झेड-फोरची ताकद मागच्या चाकांना जाते. पुढे थोडी कमी पकड ठेवली, की मर्यादा ओलांडल्यावर गाडीचं नाक बाहेर जातं. ते सावरायला सोपं. मागची चाकं आधी सुटली तर गाडी गरकन फिरते. म्हणून पुढे रुंद आणि मागे अरुंद असा उलटा प्रयोग कधीच नको. दोनच टायर नवे घ्यायचे असतील आणि साइज चारही सारखा असेल, तर नवे टायर मागे.

पुढच्या आणि मागच्या टायरची उंची सगळ्याच गाड्यांत सारखी असते असंही नाही बरं का! पोर्शे ९११ची ९९२ ही पिढी २०१८मध्ये आली. तिच्या करेरा एसला पुढे २४५/३५ आर २० आणि मागे ३०५/३० आर २१. मागचा टायर जवळपास ३७ मिमीने उंच. पण तिथे सगळं इलेक्ट्रॉनिक्स त्याच हिशेबाने बनवलेलं आहे. ऑडी टीटी क्वाट्रोसारखी चारही चाकं ओढणारी गाडी असेल, तर चारही टायर सारख्या उंचीचे आणि सारख्याच झिजेचे हवेत, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या क्लचवर ताण येतो.

मित्राच्या गाडीत आणखी एक भानगड होती. मूळ टायर रन-फ्लॅट. पंक्चर झाला तरी ताशी ८० किमीने साधारण ८० किमी जाता येतं, म्हणून डिकीत स्टेपनीच नाही. साधे टायर टाकले की गाडी मऊ चालते, पण मग पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर सोबत हवाच. दोन रन-फ्लॅट, दोन साधे अशी खिचडी करू नका.

दुकानात शिरण्याआधी

* ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर किंवा मॅन्युअल बघा. साइज आणि हवेचं प्रेशर तिथे असतं. फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
* एकूण उंचीचं गणित स्वतः करा. कॅल्क्युलेटर सगळ्यांच्या खिशात आहे.
* कडेवर खास खूण आहे का बघा. बीएमडब्ल्यूसाठी तारा, पोर्शेसाठी एन, ऑडीसाठी एओ. त्या गाडीसाठी कंपनीने टायर मंजूर केलाय, असा अर्थ.
* चार आकडी तारीख वाचा. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला टायर नको.
* नक्षीची खोली १.६ मिमीच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद. २०२३मध्ये समृद्धी महामार्गावर गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी पाठवायची मोहीमही झाली होती.
* साइज दुर्मीळ असेल तर महिनाभर आधी मागवा. जून २०२०मध्ये केंद्राने नव्या टायरच्या आयातीवर परवान्याची अट घातली होती, तेव्हापासून विचित्र साइजवाल्यांनी हा धडा चांगलाच गिरवलाय.
* टायर बदलले की अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करायलाच हवं.

मित्राने शेवटी काय केलं? तासलेले टायर काढले, दहा दिवस गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवली आणि ऑफिसला बसने गेला. २५५/३५ आले तेव्हाच ती पुन्हा बाहेर निघाली. मामाकडे जाताना शेजारच्या सीटवर पुन्हा आईच. घाट आला, पाऊसही आला. दिवा लागला नाही, आवाज आला नाही. आईने पाच मिनिटं कान देऊन ऐकलं आणि मग डोळे मिटून चक्क झोपली.

स्पोर्ट्स कारला याहून चांगलं सर्टिफिकेट कुठलं हवं, बॉस?