"आज कुठे बसणार?" आठवड्याचं वेळापत्रक आपोआप वेबपेजवर



सांगलीच्या बॅचमधला एक दादा चहाच्या ब्रेकला माझ्याकडे आला. त्याचं काम शिलाई मशीन दुरुस्तीचं. दुकान नाही. गाडीत हत्यारं आणि सुटे भाग टाकायचे आणि बाजार फिरायचा. गुरुवारी लोणंद, शनिवारी आटपाडी, मधल्या दिवशी फलटण, दहिवडी, म्हसवडच्या पट्ट्यातली गावं.

एका शनिवारी घरच्या लग्नामुळे तो आटपाडीला गेला नाही. शुक्रवारी सकाळी सातला त्याने "उद्या येणार नाही" असं व्हॉट्सॲप स्टेटस टाकलं होतं. आता स्टेटस चोवीस तासांत उडतं. शनिवारी सकाळी आठला एक ताई घरातून निघाली, तेव्हा बघायला काहीच उरलं नव्हतं. मशीनचं हेड पोत्यात गुंडाळून ती एसटीने आली. लग्नसराई, सोमवारी ब्लाउज द्यायचे होते. दुपारपर्यंत वाट बघितली आणि शेवटी दुसऱ्याकडे मशीन दिलं. ती आजही त्या दुसऱ्याकडेच जाते.

दादा म्हणाला, "सर, दर रविवारी इमेज बनवून ग्रुपवर टाकतो. तरी लोक जुनीच इमेज बघून येतात. वेबसाइट करावी का?"

वेबसाइट नको. एक गुगल शीट आणि तीस-चाळीस ओळींची स्क्रिप्ट पुरे. पण त्याआधी एक गोष्ट समजून घ्या, कारण नव्वद टक्के लोक इथेच घसरतात.

वेळापत्रक दर आठवड्याला टाइप करायचंच नाही

आपल्याकडे बाजार वारावर चालतो. साताऱ्यात बघा, सोमवार पेठ, मंगळवार पेठ, शनिवार पेठ, वारांची नावं थेट गावाच्या नकाशावर आहेत. लोणंदचा बाजार गुरुवारी, हे कुणी दर आठवड्याला नव्याने ठरवत नाही. मग तुम्ही दर रविवारी तेच सात दिवस नव्याने का टाइप करता? दमलेल्या रात्री केलेलं काम आहे ते, चूक होणारच. आणि इमेज एकदा ग्रुपवर गेली की ती तुमच्या हातात राहत नाही. तीन आठवड्यांपूर्वीची इमेज कुणीतरी आज फॉरवर्ड करतं.

म्हणून शीटमध्ये दोन पानं करा. पहिल्याचं नाव "नेहमीचं". त्यात वार, गाव, बसायची जागा, वेळ आणि फोन. एका बाजाराची एक ओळ, ती एकदाच लिहायची. दुसऱ्याचं नाव "बदल". त्यात तारीख, गाव, काय बदल (रद्द, जादा किंवा वेळ बदलली), नवी जागा किंवा वेळ, आणि कारण. इथे फक्त नेहमीपेक्षा वेगळं जे असेल तेवढंच. दादाने "आटपाडी, शनिवारची तारीख, रद्द, घरी लग्न" एवढी एक ओळ टाकली असती, तर त्या ताईने निघायच्या आधी लिंक उघडून बघितलं असतं.

कारण लिहायला लाजू नका. "रद्द" एवढंच दिसलं की लोकांना वाटतं धंदा बंद केला. "घरी लग्न, पुढच्या शनिवारी नक्की" दिसलं की माणूस थांबतो.

वार आणि तिथी

आता आपल्या भागातली खरी अडचण. बाजार वारावर चालतो, पण यात्रा चालते तिथीवर. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला. मांढरदेवची काळूबाईची यात्रा पौष पौर्णिमेला. तासगावच्या गणपतीचा रथ ऋषिपंचमीला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी.

तासगावचंच उदाहरण घ्या. २०२३ मध्ये रथ २० सप्टेंबरला होता, बुधवार. २०२४ मध्ये ८ सप्टेंबर, रविवार. २०२५ मध्ये २८ ऑगस्ट, गुरुवार. समजा तुम्ही दर गुरुवारी तासगावला गाडी लावता. दोन वर्षं तुमचं काही बिघडलं नाही. तिसऱ्या वर्षी तुमच्या जागेवर रथ बघायला आलेली गर्दी. २०२३ ला रथ एवढा उशिरा आला, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे पुढचे सण पुन्हा उशिरा.

स्क्रिप्टला हे समजत नाही, आणि समजवायच्या नादाला तुम्ही लागू नका. पंचांगाचं गणित करणारी स्क्रिप्ट लिहिता येते, पण पाच-सात गावांसाठी तो खटाटोप कशाला? नवीन कालनिर्णय घरी आलं की एक संध्याकाळ बसा आणि तुमच्या गावांच्या यात्रांच्या तारखा "बदल" पानावर भरून टाका. काहींसाठी यात्रा म्हणजे सुट्टी, काहींसाठी सगळ्यात मोठा गल्ला. खेळणी विकणाऱ्याने "जादा" लिहायचं, मशीन दुरुस्तीवाल्याने "रद्द".

स्क्रिप्टचं काम

शीट उघडा, वरच्या मेनूत एक्स्टेन्शन्स, त्यात ॲप्स स्क्रिप्ट. कोड स्वतः येत नसेल तर जेमिनाय किंवा चॅटजीपीटीला मराठीत सांगा, पण नेमकं सांगा. "वेळापत्रक बनवून दे" म्हटलं तर काहीही येईल. असं सांगा:

"माझ्या गुगल शीटमध्ये 'नेहमीचं' आणि 'बदल' अशी दोन पानं आहेत. डूगेट फंक्शन लिही. ते भारतीय वेळेनुसार आजची तारीख घेईल, आजपासून पुढचे सात दिवस तयार करेल, प्रत्येक तारखेचा वार काढून 'नेहमीचं' मधल्या ओळी लावेल, मग त्याच तारखेचे 'बदल' बघून रद्द, जादा किंवा नवी वेळ दाखवेल. रद्द ओळ काढून टाकू नकोस, लाल रंगात कारणासह दाखव. आजचा दिवस सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. मोबाइलवर वाचता येईल असं साधं पेज, फोटो नको." सोबत प्रत्येक पानावरच्या रकान्यांची नावं क्रमाने द्या.

सोमवार ते रविवार न मागता "आजपासून सात दिवस" मागितलंय, ते मुद्दाम. शनिवारी संध्याकाळी लिंक उघडणाऱ्याला गेलेल्या सोमवारचं काय करायचंय?

मग डिप्लॉय, वेब ॲप. "कोणाच्या नावाने चालेल" तिथे तुम्ही स्वतः, आणि "कोण बघू शकेल" तिथे कोणीही. हे दुसरं चुकलं तर गिऱ्हाइकाला लॉगिनचं पान दिसतं आणि तो निघून जातो. तुमची शीट मात्र कुणाबरोबर शेअर करायची गरज नाही. पेजच्या वर गुगलची एक पट्टी येते, की हे गुगलने बनवलेलं नाही. लोक विचारतील, तेव्हा सांगा की हे मीच बनवलंय.

आता जिथे माझा स्वतःचा वेळ गेला, त्या जागा सांगतो.

पहिली जागा ऐकून हसाल. कुणी "गुरुवार" लिहितं, कुणी "गुरूवार". स्क्रिप्टच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द. एरर येत नाही, फक्त लोणंद पेजवरून गायब होतं. "शनिवार" आणि "शनीवार" तसंच. वाराच्या रकान्याला ड्रॉपडाउन लावा म्हणजे हाताने लिहायचा प्रश्नच नाही.

दुसरी, टाइम झोन. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये तो कोलकाता आहे ना बघा. चुकून न्यूयॉर्कचा राहिला तर तिथे आपल्यापेक्षा साडेनऊ-साडेदहा तास मागे असतं. म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेनऊ-साडेदहा वाजेपर्यंत पेज कालचाच दिवस "आज" म्हणून दाखवेल. गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच बघतं.

तिसरी सगळ्यात विचित्र. शीटमध्ये नुसती वेळ लिहिली, तारीख नाही, तर आत ती ३० डिसेंबर १८९९ या तारखेची वेळ म्हणून साठते. आणि आपली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली १९०६ मध्ये. त्याआधीच्या तारखांना कॉम्प्युटरच्या यादीत कोलकाता झोनसाठी मद्रासची जुनी वेळ धरलेली आहे, आजच्या वेळेपेक्षा आठ मिनिटं पन्नास सेकंद मागे. म्हणून दहाची वेळ पेजवर आठ-नऊ मिनिटांनी चुकलेली दिसू शकते. ब्रिटिशांच्या काळातलं घड्याळ आपल्या आटपाडीच्या बाजारात! उपाय सोपा. वेळ साध्या मजकुरात लिहा, "सकाळी १० ते दुपारी ३", आणि स्क्रिप्टला सांगा की शीटमध्ये जसं दिसतं तसंच वाच. त्यासाठी गेट-डिस्प्ले-व्हॅल्यूज वापरतात.

चौथी खिशाला लागणारी. शीटमधली माहिती बदलली तर पेज आपोआप बदलतं, काही करावं लागत नाही. पण कोड बदलला आणि तुम्ही "नवीन डिप्लॉयमेंट" केलं, तर लिंकच नवी मिळते. तुम्ही क्यूआर कोड छापून घेतलेला असतो, तो जुन्याच पेजवर जातो. म्हणून "मॅनेज डिप्लॉयमेंट्स" मध्ये जुन्यालाच एडिट करून नवी आवृत्ती निवडा. लिंक तीच राहते. आणि छपाई सगळ्यात शेवटी, दोन आठवडे पेज नीट चालल्यावर.

ग्रुपवरची इमेज पूर्णपणे बंद करा. दोन्ही चालू ठेवलं तर लोक इमेजच बघतील. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी तुमचा नंबर आहेच.

दादाने गाडीच्या मागच्या दारावर क्यूआर कोड चिकटवलाय. वर पेंटरने कधीतरी रंगवलेली गावांची आणि वारांची यादी होती, ती त्याने पुसून घेतली. "लोणंद, गुरुवार" तेवढं ठेवलंय. म्हणाला, सर, ते काय बदलत नाही.