एकोणसाठ माणसांचा हिशेब

समजा, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या गल्लीत दोन खोल्या घेऊन पाच जणांनी सॉफ्टवेअरची कंपनी काढली. कोणी कुठला कोड लिहिलाय हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण खुर्ची वळवली की विचारता येतं. पाच माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात दहा. पुढे धंदा लागतो आणि माणसं दरवर्षी दुप्पट होतात: १०, २०, ४०. सातव्या वर्षाअखेर ६४०. माणसं १२८ पट झाली. जोड्या मात्र दहावरून २,०४,४८० वर गेल्या, म्हणजे वीस हजार पटींहून जास्त. सूत्र शाळेतलंच आहे: माणसं गुणिले त्याहून एक कमी, भागिले दोन.

जोड्यांवर हा हिशेब थांबत नाही. कामं काही नेहमी दोघांतच होत नाहीत. तिघांत होतात, सातजणांत होतात. दोन किंवा अधिक माणसांचे वेगवेगळे गट मोजायला लागलं, तर दहा जणांच्या टीममधून १,०१३ गट निघतात. पंचवीस जणांतून ३ कोटी ३५ लाखांवर. आणि एकोणसाठ माणसांतून निघणारे गट ५,७६४ कोटी-कोटी, म्हणजे कोटीला कोटीने गुणून त्याच्या ५,७६४ पट. विश्व जन्माला येऊन १,३८० कोटी वर्षं झाली असं शास्त्रज्ञ सांगतात. त्यांचे सेकंद केले तर ते ४,३५० कोटी-कोटींच्या आसपास भरतात. विश्वारंभापासून दर सेकंदाला एका नव्या गटाची मीटिंग लावली असती, तरी एकोणसाठ जणांच्या एका टीमचे गट अजून संपले नसते. (काही ऑफिसांत तसा प्रयत्न चालू असावा, असं वाटतं खरं.)

एवढे गट कोणी भरवत नाही, हे उघडच आहे. पण 'आपल्याकडे असं चालतं' ही जी गोष्ट असते ती या जोड्यांतून आणि गटांतूनच पुढे सरकते. दरवर्षी दुप्पट होणाऱ्या कंपनीत वर्षाअखेर निम्मी माणसं वर्षाच्या आतली असतात. सातव्या वर्षी ३२० नवे, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत १६० असे की जे स्वतः गेल्याच वर्षी शिकले. प्रत्येक तुकडीने आधीच्या तुकडीकडून नव्वद टक्के उचललं असं धरा, आणि ते फार उदारपणे धरलंय. तरी सातव्या तुकडीच्या हाती मूळच्यातलं ४८ टक्के लागतं. पहिला दिवस डोळ्यांनी पाहिलेला माणूस १२८ जणांत एक. शिवाय सोमवारी सगळ्यांची तासाभराची मीटिंग ठेवली की एका माणसाचे कामाचे ऐंशी दिवस त्या एका तासात गेले.

अमेरिकेत आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीचं काम फ्रेड ब्रूक्स यांनी सांभाळलं. १९६३ ते १९६६ या काळात तिच्यावर सुमारे पाच हजार मनुष्य-वर्षं खर्ची पडली, आणि तरीही काम लांबलंच. १९७५ साली त्यांनी पुस्तकात लिहून ठेवलं की रखडलेल्या कामावर आणखी माणसं लावली की ते आणखी रखडतं. तरी मोठ्या कंपन्या होतातच. पुण्यात आनंद देशपांडे यांनी १९९० साली सुरू केलेली पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी तेवीस हजार माणसांच्या पुढे गेली. तेवीस हजारांच्या जोड्या होतात २६ कोटी ४४ लाख. २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त. या सगळ्या जोड्या एकमेकांशी बोलत नाहीत म्हणूनच तर कंपनी चालते. कोणाला कोणाशी बोलावं लागू नये, हे ठरवणं हाच माणसं वाढवतानाचा खरा उद्योग.

तो आपल्या मुलखात फार आधी सुरू झाला. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखाना उभारायला कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीत, उतरले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेली ३२ एकर जमीन, निवडुंग आणि साप, आणि पंचवीस कामगारांची कुटुंबं. पंचवीसांच्या जोड्या तीनशे. तोवर लक्ष्मणराव प्रत्येकाला नावानं हाक मारू शकत होते. पहिल्या महायुद्धात बाहेरून बीड, म्हणजे ओतीव लोखंड, येईना, तेव्हा त्यांनी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळवल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले. ही गोष्ट सगळे सांगतात. मला जास्त मोलाची वाटते ती १९२० ची. त्या वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. माणसं आणि गिऱ्हाइकं इतकी वाढली होती, की गप्पांतून सगळ्यांपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. छापील कागद एकाकडून हजारांकडे जातो, आणि हजार माणसांना पाच लाख जोड्यांऐवजी हजार प्रती पुरतात.

कोल्हापूरनं मात्र दुसरीच वाट धरली, आणि तिचा आकडा मला किर्लोस्करवाडीपेक्षाही चक्रावणारा वाटतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले आणि शहरातलं शिवाजी उद्यमनगर मिळून तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत. वर्षाचं ओतकाम सहा लाख टनांच्या घरात असल्याचं उद्योगात सांगितलं जातं. म्हणजे रात्रंदिवस धरून मिनिटाला एक टनाहून जास्त. आयफेल टॉवरमध्ये ७,३०० टन लोखंड आहे. त्या हिशेबानं दर साडेचार दिवसांनी एक टॉवर. आणि हे करणारी कोणतीही एक कंपनी नाही.

गंमत म्हणून गणित मांडू. प्रत्येक फाउंड्रीत सरासरी शंभर माणसं धरली तर तीस हजार. ती एकाच कंपनीत असती तर जोड्या झाल्या असत्या ४५ कोटी. तीनशे वेगळ्या कारखान्यांत वाटली, की आतल्या जोड्या १४ लाख ८५ हजार आणि कारखान्या-कारखान्यांमधल्या ४४,८५०. एकूण पंधरा लाखांच्या थोड्या वर. तीच माणसं, आणि जोड्या जवळपास तीनशेपटीनं कमी.

हे कशावर चालतं ते एखादा नग हातात घेतला की कळतं. गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंग येतं. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाला पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, शेकडा एकाच्या आसपास मोठा करतो. फाउंड्रीत वाळूचा साचा, त्यात कोअर, आणि चौदाशे अंशांच्या आसपासचा रस. फेटलिंगला पोरं कडा घासतात. मग टेम्पोत टाकून, चलन बनवून, जॉबवर्कला दुसऱ्याच्या मशीन शॉपमध्ये. तिथला ऑपरेटर पॅटर्नवाल्याला आयुष्यात भेटलेला नसतो. त्याला भेटायची गरजही नाही, ०.०२ मिलिमीटर म्हणजे काय, हे दोघांनाही तोच कागद सांगतो. आणि नगाच्या अंगावर उठावदार अक्षरांत ओतलेला हीट नंबर असतो. मशीनवर कातताना आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघाला, की तो नंबर बघून फोन जातो, आणि कुठल्या दिवशीच्या कुठल्या रसातला माल, हे पाच मिनिटांत कळतं. भांडण होतं ते त्या रसाबद्दल, माणसाबद्दल क्वचित.

या पद्धतीतही गळती आहेच. दहा टप्पे आणि प्रत्येक ठिकाणी शंभरात दोन नग बाद, एवढंच धरलं तरी शेवटी ८२ हातात येतात. त्यामुळे जो तो आपल्या दारात आलेला माल आधी मोजमापून घेतो. त्याला अविश्वास समजायचं कारण नाही. सॉफ्टवेअरच्या टीमांत आलेला कोड असा तपासला, तर अजूनही काहींना अपमान वाटतो.

आता अडचण. या साखळीला ड्रॉइंग बहुधा तयार मिळतं, पुण्याहून, चेन्नईहून, परदेशातून. राजारामपुरीतल्या पाच जणांकडे ते नाही. त्यांचं ड्रॉइंग आज सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं असतं, आणि जे रोज बदलतं त्याचे तुकडे करून जॉबवर्कला देता येत नाहीत. म्हणून मला वाटतं, सुरुवातीच्या वर्षांत माणसं दुप्पट करण्याची घाई ही पैसे देणाऱ्यांची असते, कामाची नसते. सात जणांत एकवीस जोड्या असतात. तेवढ्यांत ड्रॉइंग ठरतं आणि बदलतंही. कंपनीचा कुठला भाग आता रोज बदलत नाही हे ज्या दिवशी सांगता येईल, त्या दिवशी तो भाग नव्या दहा जणांकडे सोपवावा, आणि तेवढीच भरती करावी. कारखान्याच्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात काढलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर केलं कोणी अशा सह्यांचे चौकोन असतात. ६४० माणसांच्या कंपनीत कुठल्याही टेबलापाशी जाऊन त्या भागाच्या सह्या कोणाच्या, असं विचारून बघावं. उत्तरादाखल चार नावं आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप मिळाला, तर भरती थांबवायला तेवढं कारण पुरतं.